एकाच पलटणीत बाप-लेक : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

पहिल्या महायुद्धातल्या मराठा पलटणींवरचा लेख छापल्यानंतर आलेल्या पत्रांत एक विषय पुन्हा पुन्हा होता : बाप आणि मुलगा एकाच पलटणीत, एकाच मोहिमेवर. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत. खासगी माहिती मागणाऱ्या पत्रांना टपालाने उत्तर जाईल.

आमच्या घरात सांगतात की खापरपणजोबा आणि पणजोबा दोघेही एकाच पलटणीतून ‘बसऱ्याच्या लढाईला’ गेले होते. हे शक्य आहे का, की दोन पिढ्यांच्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत? (सातारा)

शक्य आहे, आणि समजतो तितकं दुर्मीळही नाही. त्या काळच्या पलटणींत भरती जातवार, जिल्हावार व्हायची. सुट्टीवर गावी आलेला हवालदार परत जाताना भावकीतले दोन-चार रंगरूट सोबत घेऊन जायचा, आणि त्यात पुतण्या, मेहुणा, मुलगा असणं ही नेहमीची गोष्ट होती. साहेबांनाही ते सोयीचं वाटे. ओळखीच्या घरातला पोरगा पळून जात नाही आणि गेलाच तर कुठे शोधायचा ते ठाऊक असतं, हा त्यामागचा हिशेब.

गोष्ट तपासायची तर आधी वयाचा हिशेब मांडा. बाप सतराव्या-अठराव्या वर्षी भरती झाला, विसाव्या वर्षाच्या आगेमागे मुलगा झाला, तर मुलगा अठराचा होईपर्यंत बाप अडतीस-चाळिशीला येतो. त्याची सेवा तेव्हा वीस वर्षांच्या पुढे गेलेली असते. इतकी सेवा झालेला माणूस पलटणीत टिकून असेल तर तो बहुधा हवालदार, जमादार (आजचा नायब सुभेदार) किंवा सुभेदार झालेला असतो. म्हणून पहिला प्रश्न असा : घरच्या आठवणीत बापाचा हुद्दा काय आहे? ‘सुभेदार’ म्हणत असतील तर गोष्ट जुळते. ‘साधा शिपाई’ म्हणत असतील तर दोन शक्यता उरतात. तो राखीव म्हणून घरी असताना लढाई सुरू झाल्यावर परत बोलावला गेला असेल, किंवा तो लढाऊ पलटणीत नव्हताच. खेचरांच्या तांड्यात, हमालांच्या तुकडीत किंवा मजूर दलात वयाची अट ढिली असे आणि घरची माणसं सगळ्यालाच ‘पलटण’ म्हणत.

पलटणीच्या नंबरातही गोंधळ होतो. महायुद्धात मराठ्यांच्या १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ अशा पलटणी होत्या. १९२२ मध्ये त्या सगळ्या पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत आल्या आणि नंबर बदलले : १०३ ची पहिली बटालियन झाली (हीच ‘जंगी पलटण’), १०५ ची दुसरी (‘काली पांचवी’), ११० ची तिसरी, ११६ ची चौथी, ११७ ची पाचवी, आणि ११४ ची दहावी म्हणजे प्रशिक्षणाची बटालियन. त्यामुळे १९१६ साली ११० मध्ये असलेला बाप आणि १९२५ साली ‘तीन-पाच’ मध्ये, म्हणजे पाचव्या रेजिमेंटच्या तिसऱ्या बटालियनमध्ये, असलेला मुलगा एकाच पलटणीचे ठरतात, कागदावर मात्र दोन वेगळ्या रेजिमेंट दिसतात. उलट ‘एकाच पलटणीत’ म्हणजे एकाच वेळी असंही नव्हे. बापाने पेन्शन घेतली आणि त्याच वर्षी मुलगा भरती झाला, तरी घरात सांगताना ते दोघे एका मोहिमेवर जातात.

‘बसरा’ हा शब्दही तपासून घ्या. आपल्याकडे आख्ख्या मेसोपोटेमियाला (आजच्या इराकला) बसरा म्हणत, कारण सगळ्या बोटी तिथेच लागायच्या. १०३, ११० आणि ११७ या पलटणी तिथल्या कुत-अल-अमारा गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात अडकल्या होत्या. ७ डिसेंबर १९१५ ला वेढा पडला आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. तुमचे दोघे त्यात असतील तर पुढच्या कागदपत्रांत ते वेगवेगळ्या ठिकाणी सापडतील. शरणागतीनंतर अधिकाऱ्यांना आणि शिपायांना वेगळं केलं गेलं. अधिकारी आगबोटीने बगदादकडे गेले, शिपायांना उन्हात चालवत नेलं आणि पुढे अनेक हिंदी कैद्यांना रास-अल-ऐनच्या (आजच्या सीरियातल्या) भागात रेल्वेच्या कामाला लावलं. सुभेदार बाप आणि शिपाई मुलगा यांची वाट इथेच फुटते. कैदेत मेलेल्यांच्या तारखा बऱ्याचदा अंदाजाने नोंदल्या आहेत, त्यामुळे दोघांच्या मृत्यूच्या तारखांवरून ‘कोण आधी गेला’ हे ठरवू नका.

नाव शोधायचं कुठे? इंटरनेटवर आजोबांचं आडनाव घालून पाहिलं, काहीच मिळालं नाही. (रत्नागिरी, सांगली आणि ठाण्याहून आलेली पत्रं)

लढाईत कामी आलेल्यांसाठी पहिली जागा म्हणजे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची यादी. ती फुकट आहे. तिच्यात ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळात सेवेत मेलेलेच आहेत. जिवंत परतलेला माणूस तिथे सापडणार नाही. निम्म्या वाचकांची शोधाशोध इथेच फुकट जाते.

आडनाव घालून काही मिळत नाही याचं कारण असं, की हिंदी शिपायाचं पूर्ण नाव बहुतेक वेळा एकाच रकान्यात, आडनावाच्या जागी, लिहिलेलं असतं. कित्येकदा आडनाव मुळात नोंदलेलंच नसतं. म्हणून :

आडनावाच्या रकान्यात माणसाचं स्वतःचं नाव घाला. समजा ‘गणपत’. मग भारतीय सैन्य निवडा, युद्ध निवडा, आणि रेजिमेंटच्या जागी ‘मराठा’ घाला. इथे एक खोच आहे. जुन्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘मराठा’ला ‘म’ नंतर ‘ह’ आहे, म्हणजे ‘माहरट्टा’सारखं, आणि शेवटी दोन ‘टी’. आजच्या स्पेलिंगने पलटण सापडत नाही.

नावाचंही तसंच. भरती करणारा कारकून ऐकू येईल तसं लिहायचा, आणि तो मराठी असेलच असं नाही. शिंदे ‘सिंदे’ होतो, ‘सिंडे’ होतो. सावंतच्या मध्ये ‘यू’ येतो. भोसलेमध्ये ‘न’ शिरतो. कदम ‘कुडुम’ होतो. जाधवच्या शेवटी ‘व्ही’ऐवजी ‘ओ’ लागतो. पाच-सहा प्रकार करून पाहायचे, आणि शक्यतो नावाची पहिली तीन-चार अक्षरंच घालायची.

नोंद उघडली की खालचा ‘अधिक माहिती’चा भाग वाचा. अमुकचा मुलगा, राहणार अमुक गाव, ठाणं अमुक, जिल्हा अमुक, असं तिथे लिहिलेलं असतं. बाप-लेक शोधणाऱ्याला सगळ्यात उपयोगाची ओळ हीच, आणि ती प्रत्येक नोंदीत नसते. असली तर बापाचं नाव घेऊन त्याच पलटणीत पुन्हा शोधा. गाव जुळलं तर धागा हाती आला.

तरी घाई नको. एका गावात एका नावाचे तीन तुकाराम असतातच. बिल्ला नंबर (शिपायाचा सेवा क्रमांक), गाव आणि बापाचं नाव या तिन्ही गोष्टी जुळल्या तर पक्कं समजा. दोन जुळल्या तर पेन्सिलने लिहून ठेवा. बिल्ला नंबरबद्दल एवढं ध्यानात असू द्या की पहिल्या महायुद्धात तो प्रत्येक पलटणीचा आपला असायचा. १०३ मधला २१४५ आणि ११७ मधला २१४५ ही दोन वेगळी माणसं. नुसत्या नंबरावर विसंबून कुणाचा तरी भलताच आजोबा घरी आणू नका.

बसऱ्याच्या स्मारकावर कोरलेलं नाव शोधत असाल तर निराशा होईल. त्या स्मारकावर ४० हजारांहून जास्त जणांची नोंद आहे, पण भिंतीवर ब्रिटिश सैनिकांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावं आहेत. हिंदी शिपाई आणि हवालदार पलटणीखाली नुसते संख्येने नोंदले गेले. म्हणजे सुभेदार बापाचं नाव भिंतीवर आणि शिपाई मुलगा एका आकड्यात, असं झालेलं असू शकतं. शिपायांची नावं कमिशनच्या यादीत पाहायची. गावातली संगमरवरी पाटी याच तऱ्हेची असते : १९१४ ते १९१९ च्या युद्धाला या गावातून इतके गेले, पैकी इतके कामी आले. नावं नाहीत.

जिवंत परतलेल्यांसाठी वेगळा रस्ता. बाप सुभेदार किंवा जमादार असेल तर त्या काळच्या ‘इंडियन आर्मी लिस्ट’मध्ये पलटणीनुसार हिंदी अधिकाऱ्यांची नावं आणि हुद्दा मिळाल्याच्या तारखा मिळतात. शिपायाचं नाव तिथे नसतं. पलटणीची रोजनिशी लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. तीत दिवसाचा तपशील उत्तम मिळतो, पण शिपायांचा उल्लेख ‘चार मृत, अकरा जखमी’ असाच. तिचा उपयोग वेगळा : दोघे एका तारखेला एकाच ठिकाणी होते का, हे तिच्यावरून कळतं.

घरातली पेन्शनची वही, डिस्चार्जचा कागद आणि पदक यांचं मोल या सगळ्यापेक्षा जास्त आहे. मराठा लाइट इन्फंट्रीच्या बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहायचं तर नाव, बिल्ला नंबर, पलटण, भरतीचं अंदाजे साल, गाव-तालुका-जिल्हा आणि तुमचं नातं एवढं द्या. माणसाच्या सेवेची हकीकत ‘शीट रोल’वर असते. त्यात बापाचं नाव, गाव आणि वारस लिहिलेला असतो. मात्र पेन्शन न मिळालेल्यांची कागदपत्रं नियमाने २५ वर्षांनी नष्ट केली जातात. ‘लाँग रोल’ ही मोठी नोंदवही मागे राहते, तीत थोडक्यात माहिती असते. म्हणून पत्रात ‘शीट रोल नसल्यास लाँग रोलचा उतारा’ असं स्पष्ट मागा. नुसतं ‘माहिती द्यावी’ लिहिलं की ‘कागदपत्रं उपलब्ध नाहीत’ एवढंच उत्तर येतं.

घरात दोन पदकं आहेत, एक बापाचं आणि एक मुलाचं म्हणतात. दोन्ही सारखीच दिसतात. कुणाचं कुठलं? (कोल्हापूर)

कडेवर पाहा. १९१४-१८ च्या गोल पदकांच्या कडेवर बिल्ला नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. समोर राजाचा मुखडा किंवा पंखवाली विजयदेवता असते, त्यावरून काही कळत नाही.

अक्षरं वाचण्यासाठी घासू नका. दिवाळीला चिंच आणि राख लावून किंवा भांड्यांच्या पावडरीने पदकं लख्ख करण्याची आपल्याकडे हौस आहे, आणि तीमुळेच कडा सपाट होऊन नावं गेलेली आहेत. अंधाऱ्या खोलीत बॅटरीचा झोत कडेला जवळजवळ समांतर धरा, पदक बोटांनी थोडं थोडं फिरवा आणि मोबाइलने तुकड्यातुकड्यात फोटो काढा. घाण बसली असेल तर कोरडा मऊ ब्रश पुरे. पाणी, टूथपेस्ट, लिंबू यातलं काही नको.

‘ब्रिटिश वॉर मेडल’ चांदीचं असेल तर लढाऊ माणसाचं. काशाचं, तपकिरी दिसणारं असेल तर ते बहुधा मजूर दलासारख्या बिनलढाऊ माणसाचं. दोन पदकांत एक चांदीचं आणि एक काशाचं निघालं, तर बाप-लेक बहुधा एकाच पलटणीत नव्हते, असं समजा. दुसरी एक गफलत : चांदीचं वॉर मेडल आणि सोनेरी झाक असलेलं व्हिक्टरी मेडल ही जोडी एकाच माणसाला मिळायची. घरात ‘दोघांची दोन’ म्हणून जपलेली पदकं कडेवरून एकाच माणसाची निघतात, हे बऱ्याचदा घडतं.

आमचे पूर्वज महार पलटणीत सुभेदार होते. मुलगा मात्र फौजेत नाही, नातू पुन्हा १९४१ नंतर. मधली पिढी का तुटली? (खेड)

तुमच्या घरात काही घडलं नव्हतं, सरकारने दार बंद केलं होतं. मुंबई इलाख्याच्या फौजेत महार पिढ्यानपिढ्या होते आणि बापामागे मुलगा ही रीत तिथेही होती. १८९२ मध्ये महारांची भरती बंद झाली. ‘लढाऊ जाती’ नावाच्या खुळाचा तो परिणाम. सेवेत असलेले पेन्शनपर्यंत राहिले, पण त्यांच्या मुलांना रंगरूट म्हणून कुणी घेईना. फौजेतून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये याविरुद्ध अर्ज केला, पुढे १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी थेट लंडनच्या भारतमंत्र्यांकडे निवेदन पाठवलं. दोन्ही वेळा बापाच्या सेवेचा दाखला देऊन मुलांचा हक्क मागितला होता.

१९१७ मध्ये माणसं कमी पडू लागल्यावर १११ महार ही पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली. आजची महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ ची. तुमचा हिशेब त्याच्याशी तंतोतंत जुळतो. नातवाची कागदपत्रं बेळगावला मागू नका, महार रेजिमेंटचं केंद्र मध्य प्रदेशात सागरला आहे.

बाप आणि मुलगा एकाच तुकडीत असून एकाच दिवशी मेल्याची नक्की नोंद जगात कुठे आहे? (पुणे)

आहे. फ्रान्समध्ये सोमच्या रणभूमीवर बेकॉर्डेल-बेकूर इथे डार्टमूर नावाचं युद्धस्मशान आहे. तिथे सार्जंट जॉर्ज ली, वय ४४, आणि त्यांचा मुलगा कॉर्पोरल रॉबर्ट फ्रेडरिक ली, वय १९, शेजारी शेजारी पुरलेले आहेत. दोघेही रॉयल फील्ड आर्टिलरीच्या १५६ व्या ब्रिगेडमधले, दोघेही ५ सप्टेंबर १९१६ ला मेले. ही ब्रिगेड लंडनच्या कॅम्बरवेल भागातून उभी केलेली. एकाच मोहल्ल्यातून तुकडी उभारली की नातेवाईक एकत्र येणारच, आपल्या सातारा-रत्नागिरीसारखंच.

त्याच स्मशानात लेफ्टनंट हेन्री वेबर आहेत, वय ६७. त्यांचे मुलगे आधीच फौजेत होते आणि हे गृहस्थ हट्टाने मागून भरती झाले. जुलै १९१६ मध्ये मेले.

दुसरी पक्की नोंद समुद्रावरची. ७ डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बरमध्ये ‘ॲरिझोना’ ही युद्धनौका बुडाली आणि तिच्यावरचे १,१७७ जण गेले. भावांच्या जोड्या तिच्यावर डझनांनी होत्या, बाप-लेकाची जोडी मात्र एकच : थॉमस ऑगस्टा फ्री आणि विल्यम थॉमस फ्री. दोघेही गेले.

रूझवेल्ट बाप-लेकांचा उल्लेख काही पत्रांत आहे. ६ जून १९४४ ला अमेरिकेचे ब्रिगेडियर जनरल थिओडोर रूझवेल्ट धाकटे फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या युटा किनाऱ्यावर आणि त्यांचा मुलगा कॅप्टन क्वेंटिन ओमाहावर उतरला. पण त्या दिवशी दोघांच्या डिव्हिजन वेगळ्या होत्या, त्यामुळे ‘एकाच तुकडीत’ यात ते बसत नाहीत.

रक्ताच्या नात्यातल्या दोघांना एका तुकडीत ठेवायला कायद्याने बंदी आहे ना? (नाशिक)

हा समज अमेरिकेतल्या सलिव्हन बंधूंवरून पसरला. पाच भाऊ ‘जूनो’ या एकाच जहाजावर होते, १३ नोव्हेंबर १९४२ ला जहाज बुडालं आणि पाचही गेले. त्यानंतर एकत्र ठेवण्यावर बंदीचा कायदा झाला, असं सर्रास लिहिलं जातं. तसं झालं नाही. १९४८ च्या सक्तीच्या भरतीच्या कायद्यात, भावंड लढाईत गेलेल्या घरातल्या उरलेल्या एकुलत्या मुलाला सूट मिळाली. ती वेगळी गोष्ट.

बंदी नसली तरी शहाणा कमांडर काही गोष्टी पाळतो. बाप-लेकाला वेगवेगळ्या कंपन्यांत टाकतो, निदान एका सेक्शनमध्ये किंवा एका तोफेवर ठेवत नाही. एका खंदकात, एका गाडीत बसणारी माणसं एकाच गोळ्याच्या टप्प्यात असतात. बाप सुभेदार असेल तर मुलाची रजा, गस्तीची पाळी, शिक्षा आणि वार्षिक अहवाल त्याच्या हातून काढून घ्यायचे. बाप मुलाला झुकतं माप देईल ही भीती असतेच, पण जास्त वेळा उलटं घडतं : लोक बोलतील म्हणून बाप मुलालाच सगळ्यात अवघड कामाला पुढे करतो. ते थांबवायला तिसरा माणूस लागतो.

एक गोष्ट कागदावरची, आणि तिच्याकडे सहज दुर्लक्ष होतं. मुलगा वारस म्हणून बापाचं नाव लिहितो, बाप मुलाचं. दोघे एकाच तुकडीत असताना काही झालं तर कळवायचं कुणाला आणि पैसे कुणाला, दोन्ही अडतं. दोघांच्याही कागदावर घरी असलेल्या माणसाचं, म्हणजे आईचं किंवा पत्नीचं नाव हवं.

मी मराठा लाइट इन्फंट्रीत जेसीओ (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर या हुद्द्यांतला अधिकारी) आहे. मुलाला माझ्याच रेजिमेंटमध्ये अग्निवीर म्हणून पाठवायचं आहे. (सैनिक वाचक)

तुमच्या दोघांची सेवा एकावर एक येऊ शकते. सुभेदार साधारण ३० वर्षांच्या सेवेपर्यंत असतो, अग्निवीर साडेसतराव्या वर्षापासून भरती होतो, त्यामुळे चार-पाच वर्षं दोघे गणवेशात असणं शक्य आहे. एकाच बटालियनमध्ये नेमणूक मिळेल की नाही, ते मात्र केंद्रावर ठरतं. अधिकाऱ्यांचं उलट आहे. मुलगा वडिलांच्या बटालियनवर ‘पॅरेंटल क्लेम’ सांगू शकतो, पण तो लेफ्टनंट होईपर्यंत वडील बटालियन सोडून वर गेलेले असतात.

युनिट हेडक्वार्टर कोट्याच्या (सैनिकांच्या घरच्यांसाठीच्या) भरतीसाठी रेकॉर्ड ऑफिसचं रिलेशनशिप सर्टिफिकेट लागतं. ते तिथल्या अधिकाऱ्याच्या सहीचं, मुलाचा फोटो चिकटवलेलं आणि फोटोवर शिक्का आलेलं असावं. अर्ज अडतो तो बहुतेक दोन कारणांनी. मुलाच्या जन्माची पार्ट टू ऑर्डर (सैनिकाच्या कागदपत्रांत नोंद चढवणारा युनिटचा आदेश) निघालेलीच नसते, किंवा त्या ऑर्डरमधलं नाव आणि जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्राशी जुळत नाही. ‘ओंकार’चं स्पेलिंग एका कागदावर ‘ओएन’ने आणि दुसऱ्यावर ‘ओएम’ने, एवढ्यावरही परत पाठवतात. दुरुस्तीची पार्ट टू ऑर्डर तुमच्या युनिटमधूनच निघते आणि रेकॉर्ड ऑफिसात चढायला वेळ लागतो. तेव्हा भरतीची जाहिरात येण्याची वाट न पाहता, मुलगा दहावी झाला की पुढच्या रजेत ही जुळवाजुळव उरकून घ्या.